जुन्या गाडीला झेनॉन लाइट बसवताय? थांबा, आधी हे वाचा

वसई : शिरसाड फाट्यावरून रात्री वज्रेश्वरीकडे निघालात की हायवेचा उजेड मागे राहतो आणि काही मिनिटांत मिट्ट काळोख सुरू होतो. मांडवी, पारोळच्या बाजूला रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं, विनालाइटची सायकल, मध्येच बसलेली गुरं. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या पिवळट लाइटमध्ये यातलं काही वेळेत दिसत नाही. मग माणूस दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठतो आणि विचारतो, "लाइट वाढवता येईल का?" उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं : "झेनॉन टाका, दिवसासारखं दिसेल."

गरज खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा, आणि त्याहून कमी पैशात जुन्या गाडीचा लाइट कसा सुधारता येतो, ते समजून घेऊया.

झेनॉन म्हणजे नेमकं काय?

आपल्या जुन्या गाड्यांत हॅलोजन बल्ब असतो. आत तार तापते आणि उजेड पडतो. झेनॉन बल्बमध्ये तार नसतेच. काचेच्या बारीक कुपीत झेनॉन वायू भरलेला असतो आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवली जाते. ती पेटवायला सुरुवातीला २० हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब लागतो. तो देणारा डबा म्हणजे बॅलास्ट. ट्यूबलाइटचा चोक असतो, तसाच काहीसा प्रकार.

कारखान्यातून झेनॉन लावून आलेली पहिली गाडी १९९१ ची बीएमडब्ल्यू ७ सिरीज. त्या गाडीला नुसता वेगळा बल्ब नव्हता, अख्खा हेडलाइटच त्या बल्बसाठी बनवलेला होता. गॅरेजात मिळणाऱ्या किटमध्ये नेमका हाच भाग नसतो. त्यात बल्ब आणि बॅलास्ट येतो. हेडलाइट मात्र तुमच्या गाडीचा जुनाच राहतो.

गडबड कुठे होते?

मारुती ८००, ओम्नी, सँट्रो अशा जुन्या गाड्यांत सहसा 'एच-फोर' बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. त्या वाटीमुळे डिपरवर उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड ही वाटीच अडवते.

रिफ्लेक्टरचा खड्डा त्या तारेच्या जागेवरून आखलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी उजेडाची दिशा बिघडते. झेनॉनची ठिणगी आकाराने वेगळी आणि तिची जागाही त्या तारेशी तंतोतंत जुळत नाही. मग उजेड वाटेल तिकडे फाकतो : झाडावर, आभाळात आणि समोरून येणाऱ्याच्या तोंडावर.

आता उजेडाचं प्रमाण बघा. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. एच-फोर बल्बचा डिपर साधारण १,००० ल्युमेन देतो आणि अप्पर १,६५०. कंपनीच्या ३५ वॅट झेनॉन बल्बचा उजेड साधारण ३,२०० ल्युमेन असतो. म्हणजे हजारासाठी बनवलेल्या भांड्यात तिप्पट माल ओतायचा. तो सांडणारच, आणि सांडतो तो समोरच्याच्या डोळ्यांत.

म्हणूनच युरोपच्या नियमांत २,००० ल्युमेनच्या वरचा डिपर असेल तर गाडीला दोन गोष्टी लागतात. एक, मागे माणसं बसली तरी लाइट आपोआप खाली आणणारी यंत्रणा. दुसरी, हेडलाइटची काच धुणारा फवारा, कारण काचेवर चिखल असला की उजेड फाकतो. आपल्या ओम्नीत यातलं काय आहे?

समोरच्याचं काय होतं?

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरच्या गाडीवाल्याचे डोळे तीन सेकंद दिपले तर तो ५० मीटर अंतर आंधळेपणाने कापतो. वय झालेल्या माणसाला, विशेषतः मोतीबिंदू असेल तर, सावरायला आणखी वेळ लागतो. त्या ५० मीटरमध्ये कडेने घरी चाललेला मजूर असेल किंवा पाड्यावरची पोरं असतील, तर ती त्याला दिसणारच नाहीत. तुमच्या गाडीला ओरखडाही येणार नाही, आणि आपल्या लाइटमुळे मागे काय झालं हे तुम्हाला कळणारही नाही.

बरं, मालकाला तरी फायदा होतो का? वाटतो तेवढा नाही. फाकलेला उजेड गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर लख्ख पडतो. तो उजेड बघून आपली बाहुली बारीक होते आणि लांबचा अंधार अजून गडद वाटतो. जवळचा खड्डा दिसतो, लांबचा बैल दिसत नाही. वेगात असताना कामाला येतं ते लांबचंच.

निळ्या लाइटचीही तीच गत. कंपनीचा झेनॉन ४,३०० केल्विनचा, म्हणजे पांढरा असतो. बाजारात ६,००० आणि ८,००० केल्विनचे निळसर बल्ब 'पॉवरफुल' म्हणून विकले जातात. केल्विन हा रंगाचा आकडा आहे, ताकदीचा नाही. उलट रंग निळा होत जातो तसा उजेड कमी होतो आणि जोराच्या पावसात नुसता पांढरा पडदा समोर उभा राहतो.

"मग एलईडी किंवा प्रोजेक्टर चालेल ना?"

हॅलोजनच्या जागी नुसता एलईडी बल्ब घातला तरी अडचण तीच. उजेडाचा उगम वेगळा, रिफ्लेक्टर जुना. प्रोजेक्टर म्हणजे आत भिंग आणि पडदा असलेला दिवा. त्याने उजेडाची रेघ स्वच्छ पडते हे खरं. पण जुना हेडलाइट फोडून, आत प्रोजेक्टर बसवून पुन्हा चिकटवला की त्याचं मूळ सील जातं. पहिल्या पावसाळ्यात आत पाणी साचण्याची भीती असते. शिवाय काही आयात केलेले दिवे उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात. आपल्या दिव्याचा उजेड डावीकडे, रस्त्याच्या कडेला वर चढतो. त्यांचा उजवीकडे चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

आपला हेडलाइट कोणत्या बल्बसाठी आहे ते काचेवर किंवा दिव्याच्या मागे कोरलेलं असतं. इंग्रजी अक्षरांत 'एचसीआर' असेल तर तो हॅलोजनचा, 'डीसीआर' असेल तर झेनॉनचा. मोबाइलची टॉर्च लावून बघा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ तर थेट लाइटबद्दलच आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा उजेड नको, असं तो सांगतो. म्हणजे समोर उभ्या माणसाचेच डोळे.

अजून एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. जुन्या एमएच-०४ किंवा एमएच-४८ च्या गाड्या आता त्याच वयात आल्या आहेत. शिवाय वायरिंग कापून किट बसवला आणि पुढे गाडीने पेट घेतला, तर विमा कंपनी आधी त्या वायरिंगबद्दलच विचारेल.

मग जुना लाइट मंद का होतो?

गोष्ट इथेच आहे. बहुतेक वेळा बल्बचा प्रकार वाईट नसतो. त्याच्या आजूबाजूचं सगळं थकलेलं असतं. खालच्या चार गोष्टी क्रमाने तपासा.

१. वीज पोहोचते का? इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून मीटरने बॅटरीवरचा व्होल्ट मोजा. तो १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. मग बल्बच्या होल्डरवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वीज वाटेतच मरते आहे. दाब १० टक्के कमी झाला की हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने अर्थचा नटबोल्ट आणि होल्डरच्या पिना गंजतात. त्या घासून साफ करा, होल्डर जळका असेल तर बदला.

२. रिले आहे का? अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरीतून स्टिअरिंगच्या स्विचपर्यंत फिरून येतो. फ्यूजसह रिले बसवला की बॅटरीची वीज जाड वायरीने थेट बल्बला मिळते आणि स्विच फक्त इशारा देतो. बल्ब तोच ६०/५५ चा ठेवा. १००/९० वॅटचा बल्ब टाकू नका. त्याच्या उष्णतेने होल्डर आणि रिफ्लेक्टर जळतात, आणि समोरच्याला त्रास होतो तो वेगळाच.

३. काच आणि रिफ्लेक्टर कसा आहे? प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा, मग पॉलिश करायचं आणि वरून उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट मारायचा. टूथपेस्टने घासलेली काच काही दिवसच चमकते. आतला रिफ्लेक्टर काळा पडला असेल किंवा त्याची कल्हई उडाली असेल तर तो घासू नका, आहे ती चमकही जाईल. अख्खा हेडलाइट बदला, कंपनीच्या मापाचाच घ्या. मागचं रबराचं झाकण फाटलेलं असेल तर तेही नवीन टाका, पाणी तिथूनच शिरतं.

४. बल्ब किती जुना आहे? हॅलोजन जळून जायच्या आधी मंद होतो. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने बल्ब लवकर उडतो.

एवढं सगळं केलं तरी खर्च बहुतेक वेळा झेनॉन किटपेक्षा कमीच होतो. आणि गाडी कायद्यात राहते.

भिंतीवर लाइट सेट करा

सपाट जागेवर, टायरमध्ये बरोबर हवा भरून, एक माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसवून गाडी भिंतीला चिकटून उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्यावर खडूने खूण करा. गाडी सरळ ५ मीटर मागे घ्या आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ ते ७ सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे, आणि डावीकडे थोडी वर चढलेली. वर जात असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली आणा. मागे माणसं किंवा सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. डॅशबोर्डवर लाइट खाली-वर करायचं बटण असेल तर अशा वेळी ते वापरा.

किट आधीच बसवला असेल तर?

गाडी रात्री कोणालातरी चालवायला द्या. स्वतः ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या बाजूला उभे राहा आणि डिपर लावायला सांगा. डोळे मिटावेसे वाटले तर रोज समोरून येणाऱ्याला काय वाटतं ते कळेल. किट काढून हॅलोजन परत लावा. काढताना बॅटरीची वायर आधी सोडवा, चालू बॅलास्टला हात लावू नका.

आणि समोरून असा लाइट आला तर? वेग कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, उलट अप्पर मारून भांडू नका. दोघं दिपले तर गाडी हाकणारं कोणीच उरत नाही.

शेवटी, लाइट कितीही चांगला केला तरी त्याला मर्यादा आहे. ६० च्या वेगात गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही ४०-४५ मीटर लागतात, ओल्यावर जास्त. डिपरमध्ये नीट दिसतं ते साधारण तेवढंच. काळोख्या रस्त्यावर दिसतं त्यापेक्षा जास्त वेगाने जाऊ नका. आपल्याला दिसावं म्हणून समोरच्याला आंधळं करायचं नसतं. समोरून येणारा कदाचित आपल्याच गावचा, आपल्याच घरचा असेल.