पाण्याची वाट

मंदिर बघायला आलेला माणूस आधी आत जातो. जानेफळचे आमचे मिस्त्री आधी बाहेरून फेरी मारतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराला त्यांनी असाच वळसा घातला, हात मागे बांधून, मान वर करून. शिल्पांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पाणी कोणत्या थरातून उतरतं आणि कुठे थांबतं, एवढंच ते शोधत होते.

बाराव्या शतकाच्या आसपासचं हे देऊळ. तळ तारकाकृती, त्यामुळे भिंत सरळ अशी धावतच नाही. एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा निघतो. दुपारच्या उन्हात त्या कोपऱ्यांवरची सावली बघत राहावी अशी असते. मिस्त्रींचं म्हणणं निराळं. "जेवढे कोपरे, तेवढ्या पान्याले बसायच्या जागा, भाऊ."

काळा पाषाण अमर, असं आपण धरून चाललेलो असतो. पण बेसाल्टमधल्या लोहयुक्त खनिजांना पाणी आणि हवा मिळत राहिली की त्यांची हळूहळू चिकणमाती होते. विहीर खणताना कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल दगड निघतात, ते याच झिजेतून झालेले. देवळाच्या दगडातही हेच चालू असतं, फक्त सावकाश. मिस्त्री बोटाच्या पेराने हलकेच टकटक करतात. टण्ण आवाज आला की पुढे सरकतात. बद्द आला की तिथेच उभे. वरून धड दिसणारा पापुद्रा आतून सुटलेला असतो.

या बांधणीत दगडावर दगड नुसता बसवलेला आहे, मध्ये चुना नाही. वजनाने आणि खाचांनी सगळं धरून ठेवलंय. काळ्या मातीच्या मुलखात हे शहाणपणाचंच म्हणायला हवं, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोत्याला दरवर्षी थोडं हलवते. कोरड्या जोडातले दगड तेवढं हलणं सोसतात. पण दर्जा उघड्या असल्या की पाखरांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी तिथेच रुजतं. बोटभर रोप असताना ते दोन बोटांनी निघतं. मनगटाएवढं झाल्यावर ओढायला जाल तर दगडासकट हातात येईल. मग ते कापून, मूळ जागीच मारून, सुकू द्यावं लागतं.

मिस्त्रींचा खरा राग मात्र पिंपळावर नाही, सिमेंटवर आहे. गावोगावच्या जीर्णोद्धारात त्यांनी स्वतःही ते वापरलेलं, त्यामुळे बोलणं ऐकीव नव्हे. सिमेंटने दर्ज बुजवली की आत शिरलेल्या पाण्याला परतीची वाट उरत नाही. ते दगडातूनच बाहेर पडू बघतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि पृष्ठभागाशी पाणी उडून गेलं की त्या क्षारांचे स्फटिक फुगून कड उडवतात. सिमेंट शाबूत आणि भोवतीचा कोरीव दगड खाल्लेला, हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला वेगळं पटवावं लागत नाही. ऑइलपेंटही तेच करतो. शेंदराचे थर तर कधी कधी इतके जाड होतात की आत गणपती आहे की मारुती, हे पुजाऱ्यालाच विचारावं लागतं.

चुन्याचं काम वेगळं. कळीचा चुना पाण्यात फोडायचा, भिजत ठेवायचा, वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत घोटायचा. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचं पाणी पडतं. प्रमाण प्रत्येक मिस्त्रीचं आपलं. घट्ट झाल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. तो दगडाहून मऊ राहतो आणि ओल बाहेर सोडतो. फुटायची वेळ आली तर तो फुटावा, दगड नव्हे, हा त्यातला हिशोब. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. उन्हात भराभर वाळला तर तडकतो, म्हणून ओली पोती टाकून त्याला दिवसच्या दिवस सांभाळावं लागतं.

मंदिरानंतर लोणारच्या विवरात, तळ्याकाठी उतरल्यावर मिस्त्री गप्प झाले. तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. काठावरच्या देवळांना लोणा लागायला सिमेंटची गरजच नाही. दगड खालून ते पाणी शोषतो. अलीकडे तळं वाढून कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पोचलंय. तिथे चुना काय करणार?

लोणारच्याच जिल्ह्यात उलट गोष्टही आहे. सिंदखेडराजाला २०२४ साली लखुजी जाधवरावांच्या छत्रीचं जतनकाम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला आधी देवळाचं जोतं लागलं आणि मग सव्वादोन मीटरांच्या आसपास खोलीवर शेषशायी विष्णू. क्लोराइट शिस्टचा, म्हणजे बेसाल्टहून कितीतरी मऊ दगडाचा, आणि तरी समुद्रमंथनाचं नाजूक कोरीवकाम ओळखू येतं. मेहकरची शारंगधर बालाजीची भव्य मूर्तीही जमिनीतूनच निघाली, १८८८ साली. मातीने शतकानुशतकं ऊन-पावसाचा फेरा अडवला. अशी मूर्ती बाहेर आली की पहिला धोका वाळण्याचा असतो. ओल एकदम उडाली तर आतले क्षार वर येतात.

दैत्यसूदन मंदिर संरक्षित आहे; १९५८ च्या कायद्याने तिथे मिस्त्रींना खडाही हलवता येणार नाही, आणि ते त्यांना मान्य आहे. त्यांचं काम पडतं ते कुठल्याच यादीत नसलेल्या देवळांत. मृग लागायच्या आत पन्हळी मोकळ्या करा, छतावरचं गवत काढा, जोत्याजवळची माती उतरती ठेवा, एवढं ते प्रत्येक गावात सांगतात. त्याला फारसा खर्च नाही, म्हणूनच बहुधा कोणी वर्गणी काढत नाही. एका गावच्या कमिटीला गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स आणि बाहेरून भगवा ऑइलपेंट हवा होता. मिस्त्रींनी चुन्याचा अंदाज दिला: माणसं चार, चुना भिजायला महिना. कमिटीने कळवतो म्हणून सांगितलंय.