बीटल अडखळते तेव्हा

जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये हौशी मालक सर्रास करतात तो बदल म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा मूळ डिस्ट्रिब्युटर काढून बॉश ००९ बसवणे. ००९ मध्ये टायमिंग पुढे सरकते ते फक्त इंजिनाच्या वेगाने, आतल्या फिरत्या वजनांमुळे. एकाच सोलेक्स कार्बोरेटरच्या गाडीत मग ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन क्षणभर मरगळते.

आयडलिंगची थरथर मात्र घाईने ००९ च्या माथी मारू नये. आधी पॉइंटची फट ०.४ मिमी करावी. ती बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून हा क्रम मोडायचा नाही. मग टायमिंग लाइट लावून ३,००० आरपीएमच्या वर २८ ते ३० अंश.

तरीही हिसके? इन्टेक मॅनिफोल्डच्या रबरी जोडांवर, गरम एक्झॉस्ट सांभाळून, किंचित कार्ब क्लीनर फवारावा. आरपीएम बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात सगळ्यात शेवटी.