दोन बोटांची टोकं

मुलाच्या खोलीतून येणारा तो संथ, जड गोंगाट मला शिक्षाच वाटे. मग त्यानंच टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, १७ वर्षांच्या टोनीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबणारा हातच अधू झाला! प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. १९६९ साली ‘ब्लॅक सबाथ’ची पहिली तबकडी जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. १९७१च्या तिसऱ्या तबकडीसाठी त्यानं तारा आणखी सैल केल्या. सूर खाली उतरले, जड झाले. पुढच्या ‘डूम मेटल’ बँडांनी तोच सूर उचलला. आता मी ‘दार लाव’ म्हणत नाही. तो सूर कुठून आला, ते कळलंय ना!