देवाचं काम, हाताचं मोल

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंडीचं बोधचिन्ह, अन्नदानाचा फलक गावातल्याच एखाद्या चित्रकार मुलीकडून करून घेतात आणि म्हणतात, "देवाचं काम, पैसे कसले?" छापखानेवाला, मंडपवाला पैसे घेतात, मग तिनेच का सोडावेत?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराने काढलेल्या बोधचिन्हाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा तिचाच राहतो. तो मंडळाला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षांचीच धरतात.

म्हणून आधी कागदावर लिहा: काम कोणतं, दुरुस्त्या किती, पैसे किती, हक्क कुणाचा. सेवा म्हणून फुकट करायचं का, हे तिनेच ठरवावं.