काचेच्या नळीतलं बिऱ्हाड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला की अमरावती-अकोल्यात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. सकाळी ओट्यावर पंखांचा सडा पडलेला असतो. त्यातून एखादी जाड पोटाची, पंख गळालेली मुंगी एकटीच लगबगीनं चाललेली दिसली, तर ती मुंगळ्यांची राणी असू शकते. तिची वसाहत घरी वाढवता येते. आड येतात ते आपले समज.

गैरसमज : दिव्याशी येतात त्या सगळ्या मुंग्याच.
वस्तुस्थिती : त्यात वाळवीही असते. तिचे चारही पंख सारखे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवी झुरळाच्या गोतातली, तर मुंगी गांधीलमाशीच्या.

गैरसमज : मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं.
वस्तुस्थिती : हे नरांपुरतं खरं आहे, मीलनानंतर ते लवकरच मरतात. राणी मात्र पंख स्वतःच गाळते आणि मीलनाच्या वेळी साठवलेल्या शुक्राणूंवर जन्मभर अंडी घालते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगली होती.

गैरसमज : राणीला रोज खाऊ घालावं.
वस्तुस्थिती : पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत मुंगळ्याच्या राणीला काही लागत नाही. उडण्याचे स्नायू आता बिनकामाचे. तेच जिरवून ती जगते आणि अळ्यांना भरवते. तिचं घर म्हणजे काचेची नळी : तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! नळी अंधारात ठेवा, आठवड्यातून एकदाच डोकवा. सारखं हलवलं तर राणी स्वतःचीच अंडी खाते.

गैरसमज : पहिल्या मुंग्या बारक्या आहेत, पुढे मोठ्या होतील.
वस्तुस्थिती : मुंगी वाढते ती अळी असताना. कोशातून निघाल्यावर तिचा आकार बदलत नाही. पहिली पिढी राणीच्या शिल्लकीवर पोसलेली, म्हणून खुजी. तोंडात धरून मुंग्या नेतात ती पांढरी 'अंडी'ही बहुधा अळ्या किंवा कोश असतात.

गैरसमज : साखर दिली की झालं.
वस्तुस्थिती : गोडावर कामकरी मुंग्या चालतात, अळ्यांच्या वाढीला प्रथिनं हवीत. साखरपाण्याच्या थेंबासोबत मेलेल्या झुरळाचा छोटा तुकडा द्या. मात्र ते झुरळ औषध फवारून मारलेलं नको.

गैरसमज : मुंग्या कमी वाटल्या तर अंगणातल्या आणून सोडाव्यात.
वस्तुस्थिती : प्रत्येक वसाहतीचा वास वेगळा असतो. परक्या मुंग्या राणीलाच मारू शकतात.

गैरसमज : वऱ्हाडातली मुंगी, तिला उन्हाची काय तमा!
वस्तुस्थिती : रानातली मुंगी उन्हाळ्यात जमिनीत खोल उतरते. नळीत उतरायला जागा नाही. अकोल्याचा मे ४५ अंशांवर जातो, तेव्हा नळी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हवी.

गैरसमज : मुंगी कुठूनही उचलावी, कोण विचारतं?
वस्तुस्थिती : मेळघाटसारख्या संरक्षित जंगलातून कीटक आणणं गुन्हा आहे. २०२५ मध्ये सुमारे ५,००० राण्या बाळगणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना केनियातल्या न्यायालयानं दंड केला. आपल्याला इतकं लांब जायची गरजच नाही. राणी ओट्यावर आपल्या पायांनी येते. मिरगापर्यंत थांबावं लागतं, इतकंच.