अंगावरची पायरी

चिनी दरबारी मालिकांतला सकाळच्या मुजऱ्याचा प्रसंग मी आवाज बंद करून पाहते. साऱ्या राण्या सम्राज्ञीच्या महालात जमतात, गुडघे लववतात, आपापल्या आसनांवर बसतात, चहाचे पेले उचलतात. चिनी मला येत नाही आणि सबटायटल्स वाचत बसलं की नजर पडद्याच्या तळाशी खिळून राहते. ती बंद केली की दालनात काय चाललंय ते कळायला लागतं. सम्राज्ञीच्या जवळ कोण, दाराशी कोण, कोण उठताना जरा रेंगाळते, कोणाचा पेला ओठांना न लागताच खाली येतो.

हे पाहायला मला शिकवलं ते 'झेन ह्वान'ने. २०११ साली आलेली ही ७६ भागांची मालिका झेंग श्याओलोंग यांनी दिग्दर्शित केली, झेन ह्वान या नायिकेच्या भूमिकेत सुन ली. मूळ कादंबरीतलं राज्य काल्पनिक होतं. मालिकेने ते मांचू वंशाच्या छिंग घराण्यातल्या योंगझेंग सम्राटाच्या, म्हणजे १७२२ ते १७३५ या काळातल्या दरबारात नेलं. माझ्या मते सारी मालिका या एका निर्णयावर उभी आहे, कारण छिंग दरबारात बाईचा दर्जा कागदावर लिहिलेला असे. सम्राज्ञी एक. तिच्याखाली महाराणी म्हणावी अशी एक, मग दोन, मग चार, मग सहा, आणि त्याखाली तीन पायऱ्या, ज्यांवर संख्येचं बंधन नाही. तनख्याचे आकडे नोंदलेले आहेत: सम्राज्ञीला वर्षाला १००० ताएल (जुनं चिनी वजन) चांदी, सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या मुलीला ३०. मांस, मेणबत्त्या, कोळसा, कापड, सगळं याच हिशेबाने मिळायचं. समारंभी झग्याचा रंगसुद्धा ठरलेला. छ्यानलोंग सम्राटाच्या आज्ञेने १७५९ साली तयार झालेल्या सचित्र नियमग्रंथाप्रमाणे झळझळीत पिवळा रंग वरच्या दोन पायऱ्यांचा, सोनेरी पिवळा त्याखालच्या दोन पायऱ्यांचा, आणि सहाजणींच्या पायरीला उदबत्तीसारखा मंद तपकिरी. नवी मुलगी दालनात येते तेव्हा तिने तोंड उघडण्याआधीच सगळ्यांनी तिला वाचलेलं असतं.

मग हा पोशाख शरीराचं काय करतो ते पाहा. मांचू स्त्रियांच्या पादत्राणाला तळाच्या मधोमध उंच लाकडी ठोकळा असतो. त्यावर धावता येत नाही, झपकन वळता येत नाही. चालताना दासीच्या हातावर आपला हात टेकलेला. गळ्याभोवती पांढरी पट्टी, डोक्यावर दागिन्यांनी लादलेली केशरचना, म्हणजे मानही मोकळी नाही. करंगळी आणि अनामिकेवर सोन्याची लांब नखटोपणं, त्यामुळे पेला धरायचा तर उरलेल्या बोटांनी, अलगद. रागाने थरथरायला या बाईजवळ जागाच कुठे उरते? उरतात डोळे, पापण्या, श्वास. ह्वा राणीच्या भूमिकेत ज्यांग शिन नजर वर नेऊन हळूच बाजूला फिरवते, आणि समोरच्या बाईची लायकी निघालेली असते. अपमान झालेली बाई पुन्हा गुडघे लववते, आभार मानते आणि त्याच संथ चालीने बाहेर पडते. मला तलवारीच्या कुठल्याही दृश्यापेक्षा हे जास्त भयंकर वाटतं.

सगळ्यांत जीवघेणा प्रसंग तर एका झग्याचाच आहे. झेन ह्वानची बढती ठरली आहे, पण समारंभाचा झगा ऐन वेळी खराब झालेला निघतो. वेळ नाही. राजवाड्याच्या कोठाराचा अधिकारी सुचवतो की सम्राज्ञीच्या महालातून दुरुस्तीला आलेला एक झगा आहे, तूर्त तो चालेल. ती तो घालते. सम्राट तिला पाठमोरी पाहतो आणि त्याचा आवाज एकदम मऊ होतो. ती वळते. तो चेहरा पाहतो, आणि मऊपणा जागच्या जागी गोठतो. झगा त्याच्या दिवंगत पहिल्या पत्नीचा होता. इथे विष नाही, खंजीर नाही, कोणी खोटं बोललं असंही सिद्ध करता येणार नाही. कापड, वेळ आणि एक अदबशीर सूचना, एवढ्यावर एका बाईचं आयुष्य उलथतं. आपल्यावर प्रेम झालं ते दुसऱ्या कोणासारखं दिसतो म्हणून, हेही तिला तेव्हाच कळतं. हा प्रसंग मी पुनःपुन्हा मागे नेऊन पाहिला आहे, आणि दर वेळी तो अधिकारी झगा सुचवतो तिथे मला मालिका थांबवावीशी वाटते.

२०१८ च्या, छ्यानलोंगच्या दरबारात घडणाऱ्या 'यानशी महाल' या मालिकेत पोशाखाचा अभ्यास याहून काटेकोर आहे. 'झेन ह्वान'मधला तो रुंद, उभा शिरोभूषणाचा प्रकार खरं तर छिंग घराण्याच्या अखेरच्या काळातला. 'यानशी'तल्या केशरचना लहान आणि काळाला धरून आहेत. मांचू रीतीप्रमाणे प्रत्येक कानात तीन डूल आहेत. आणि छ्यानलोंगच्या फुचा सम्राज्ञीच्या केसांत रत्नांऐवजी रेशमी फुलं आहेत. इतिहासातली फुचा साधेपणासाठी ओळखली जाई, कृत्रिम फुलं माळे, हे छिंग इतिहासात नमूद आहे. मालिकेसाठी ही फुलं नानजिंगचे कारागीर झाओ शूश्यान यांनी केली. त्यांच्या कामाची चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. रंगवलेले रेशमाचे धागे विंचरून सपाट पसरायचे, तांब्याच्या बारीक तारांच्या पिळात पकडायचे, एकेक पट्टी कापायची आणि घासून पीळ द्यायचा, की मऊ, गोल, केसाळ काडी तयार होते. मग कात्री. काडी फिरवत फिरवत टोकं निमुळती करायची, पाकळीला जिथे बाक हवा तिथे रेशीम विरळ करायचं. शेवटी चिमट्याने वाकवून काड्या जुळवायच्या. जे फूल पडद्यावर 'साधं' म्हणून दिसतं, त्यामागे ही मेहनत आहे.

त्या मालिकेची नायिका वेई यिंगलुओ मुळात भरतकाम करणारी दासी. सम्राज्ञीच्या वाढदिवसाच्या झग्यासाठी आणलेला मोरपिसांचा धागा चोरीला जातो, तेव्हा ती हरणाच्या शेपटीच्या लवीचा धागा वापरते आणि पूर्वजांच्या साध्या राहणीची आठवण म्हणून त्याचं समर्थन करते. यालाही इतिहासाचा आधार आहे: खऱ्या फुचाने पूर्वजांच्या रीतीची आठवण म्हणून हरणाच्या लवीचे बटवे करून सम्राटाला दिले होते. इतकं नेमकं संशोधन पटकथेच्या कळीच्या जागी वापरलेलं मी क्वचित पाहिलं आहे. तरी ताणाच्या बाबतीत मी 'झेन ह्वान'लाच वर ठेवते. यिंगलुओ मनातलं बोलून टाकते, अपमानाची परतफेड लगेच करते, आणि पाहणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. झेन ह्वान गिळते. तिच्या गिळण्याने आपलाही घसा आवळतो.

जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या एका सरकारी दैनिकाने अशा मालिकांवर चैन आणि कारस्थानं रंगवल्याचा ठपका ठेवला, आणि काही वाहिन्यांनी त्यांचं प्रक्षेपण थांबवलं. कारस्थानं आहेतच. पण चैनीचा मोह पडावा असं मला त्यांत काही दिसलं नाही. ज्या बाईच्या डोक्यावर सगळ्यांत जास्त सोनं, तिला स्वतःच्या मर्जीने दारापर्यंतही जाता येत नाही, हे प्रत्येक भागात समोर असतं.

या मालिका पाहायच्या असतील तर सुरुवात 'झेन ह्वान'पासून करा. पहिले काही भाग संथ वाटतील, नावं आणि दर्जे डोक्यात घोळतील. तरी सोडू नका. दर भागातला एक तरी दरबारी प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहा, आणि बोलणारीकडे नाही, तर ऐकणाऱ्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा.