कारागिरांचा छायाचित्रकार

जर्मनीतील ऑगस्ट सँडर (१८७६–१९६४) हा खाणीवरील सुताराचा मुलगा. १९१० साली कोलोन शहरी आल्यावर, गिऱ्हाइकांच्या शोधार्थ तो सायकलीवर कॅमेरा लादून वेस्टरवाल्डच्या खेड्यांत हिंडू लागला. पोटाच्या या धंद्यातच त्याला आयुष्याचे कार्य गवसले. मिठाईवाला असो वा विटा वाहणारा मजूर, त्याला उसना थाट न चढविता तो कामाच्याच वेषात उभा करी. १९२९ साली समाजाच्या सर्व थरांतील ६० व्यक्तिचित्रांचे त्याचे पुस्तक निघाले. १९३६ साली नाझी राजवटीने छपाईचे ठसे नष्ट केले. चेहरे मात्र उरले.

वाचकहो, आपल्या गावच्या लोहाराचे ऐरणीपाशी काढलेले एक तरी छायाचित्र कोणापाशी आहे काय? होतकरू तरुणाने आरंभ तेथूनच करावा.